'चेक इंजिन'चा दिवा आणि घरच्या घरी कोड वाचणारी स्वस्त उपकरणे

मोटारगाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला की आपल्यापुढे दोनच मार्ग आहेत, असे बहुतेक वाहनधारकांना वाटते. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेऊन संगणकीय तपासणीचे शुल्क भरणे हा एक, आणि ओळखीच्या मेकॅनिकच्या अंदाजावर विसंबणे हा दुसरा. तिसरा मार्ग गेल्या काही वर्षांत सहज उपलब्ध झाला आहे. पाचशे रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या आणि मुठीत मावणाऱ्या एका उपकरणाच्या साह्याने, हा दिवा लागताना गाडीच्या संगणकाने कोणत्या बिघाडाची नोंद केली, हे घरच्या घरी वाचता येते. मात्र या बाजारात उपयुक्त वस्तूंच्या शेजारीच निरुपयोगी वस्तूही मांडलेल्या असतात. शिवाय उपकरणाने दाखवलेल्या कोडचा अर्थ चुकीचा लावला गेल्यास, तपासणीत वाचलेल्या पैशांच्या अनेक पट रक्कम नको ते सुटे भाग बदलण्यात खर्ची पडते.

ही सोय वाहनधारकांच्या खिशाचा विचार करून निर्माण झालेली नाही. तिच्या मुळाशी प्रदूषण नियंत्रणाचे कायदे आहेत. गाडीतून बाहेर पडणारा धूर वाढेल असा कोणताही बिघाड गाडीने स्वतःच ओळखावा आणि चालकाला सूचना द्यावी, या हेतूने अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स' म्हणजेच ओबीडी प्रणाली बंधनकारक केली. तिची सुधारित आवृत्ती, ओबीडी-२, १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत लागू झाली. युरोपीय महासंघाने २००१ पासून पेट्रोल गाड्यांसाठी तिचे अनुकरण केले. कोणत्याही कंपनीच्या गाडीचे कोड कोणालाही वाचता यावेत, यासाठी १६ पिनांचे जोडस्थान आणि मूलभूत कोडची भाषा या दोन्ही गोष्टी प्रमाणित करण्यात आल्या. स्वस्त उपकरणांचा सारा व्यापार या एका तरतुदीवर उभा आहे.

गाडी कोणत्या वर्षाची आहे?

भारतात ही प्रणाली टप्प्याटप्प्याने आली. उपकरण विकत घेण्यापूर्वी हा इतिहास ठाऊक असणे उपयोगाचे ठरते. भारत स्टेज-४ मानकांच्या गाड्यांना १ एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. परंतु २०१० मध्ये ही मानके मुंबई, पुणे आणि सोलापूर यांसह देशातील १३ शहरांपुरतीच होती. उर्वरित भागांत त्यांचा विस्तार हळूहळू होत गेला आणि १ एप्रिल २०१७ रोजी ती देशभर लागू झाली. त्यामुळे एकाच वर्षी आणि एकाच कंपनीकडून घेतलेल्या दोन गाड्यांपैकी एकीत ही प्रणाली पूर्णपणे असेल आणि दुसरीत नसेल, असे घडू शकते. २०१७ पूर्वीच्या गाडीसाठी केवळ खरेदीचे वर्ष न पाहता नोंदणीपत्रावरील भारत स्टेज मानकाचा उल्लेख पाहावा. १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या भारत स्टेज-६ गाड्यांबाबत हा प्रश्न उद्भवत नाही.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक फसगत संभवते. स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचे जोडस्थान दिसते, उपकरण त्यात व्यवस्थित बसते, त्यावरचा दिवाही लागतो, पण गाडीशी संपर्क मात्र होत नाही. जोडस्थानाचा आकार तोच असला तरी आतील संगणक कंपनीची स्वतःची भाषा बोलत असतो, हे त्याचे कारण. दिवा लागला म्हणजे पिन क्रमांक १६ मधून बॅटरीचा विद्युतप्रवाह मिळाला, एवढेच सिद्ध होते.

निळ्या डबीतील नकला

सर्वांत स्वस्त उपकरणे म्हणजे ब्लूटूथ किंवा वायफायद्वारे मोबाइलशी जोडले जाणारे डोंगल. त्यांपैकी बहुतेकांवर 'ईएलएम ३२७' असे लिहिलेले असते. हे मुळात कॅनडातील 'एल्म इलेक्ट्रॉनिक्स' या छोट्या कंपनीने तयार केलेल्या चिपचे नाव आहे. वेगवेगळ्या गाड्यांच्या संदेशभाषा समजून घेऊन त्या साध्या आज्ञांत रूपांतरित करणे, हे या चिपचे काम. तिच्या पहिल्या आवृत्तीतील प्रोग्रामला नक्कल होऊ नये यासाठी संरक्षण दिलेले नव्हते. परिणामी त्याच्या असंख्य नकला बाजारात आल्या आणि मूळ चिपपेक्षा नकलाच अधिक प्रसिद्ध पावल्या. मूळ कंपनीने २०२२ मध्ये आपला व्यवसाय बंद केला. बाजारातील निळ्या किंवा काळ्या डब्या या तिच्या वारसदार नसून तिच्या नावावर जगणाऱ्या वस्तू आहेत.

या नकलांवर 'आवृत्ती १.५' असे मोठ्या अक्षरांत छापलेले आढळते. गंमत अशी की मूळ कंपनीने १.५ या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. असे असूनही, १.५ म्हणवणाऱ्या अनेक नकला साधे कोड वाचण्याचे काम बऱ्यापैकी करतात, तर २.१ म्हणवणाऱ्या अनेक नकलांमधून काही आज्ञाच गाळलेल्या असतात. म्हणजेच वरचा क्रमांक पाहून वस्तू अधिक चांगली आहे असे मानण्यास आधार नाही.

तेव्हा स्वस्त डोंगल घेऊच नये काय? साधा कोड वाचायचा असेल तर ते घेण्यास हरकत नाही. परत करण्याची सोय असलेल्या विक्रेत्याकडून मात्र घ्यावे आणि पहिल्याच दिवशी त्याची परीक्षा करावी. इंजिन सुरू करून मोबाइलवरील अ‍ॅपमध्ये इंजिनाचे फेरे, पाण्याचे तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेज पाहावा. फेरे डॅशबोर्डवरील काट्याशी जुळले पाहिजेत. त्यानंतर वाहनाचा १७ अक्षरांचा चासी क्रमांक वाचण्याचा प्रयत्न करावा आणि तो नोंदणीपत्राशी ताडून पाहावा. हा क्रमांक अनेक तुकड्यांत येणारा लांब संदेश असतो आणि हलक्या प्रतीच्या नकला नेमक्या येथेच अडखळतात. अर्थात काही जुन्या गाड्या हा क्रमांक देतच नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

आयफोन वापरणाऱ्यांनी विशेष दक्षता घेणे आवश्यक आहे. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालणारे स्वस्त डोंगल अँड्रॉइड फोनशी जोडले जाते, आयफोनशी नाही. त्यासाठी वायफायवर चालणारे किंवा कमी ऊर्जेच्या नव्या ब्लूटूथ पद्धतीचे डोंगल लागते. अ‍ॅपच्या बाबतीत अँड्रॉइडवर 'टॉर्क' आणि दोन्ही प्रकारच्या फोनवर 'कार स्कॅनर' ही नावे परिचित आहेत. त्यांच्या मोफत आवृत्त्यांवर प्राथमिक काम भागते.

याच जोडस्थानात बसवायचे आणि इंधनाची बचत होते असा दावा करणारे एक उपकरणही इंटरनेटवर विकले जाते. अशा उपकरणांची आवरणे उघडून पाहणाऱ्यांना आत लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे फारसे काही आढळलेले नाही. कोड वाचण्याशी त्यांचा काहीही संबंध नाही.

मोबाइलची जोडाजोड नको असेल, तर वायर आणि छोटा पडदा असलेला हातातला स्कॅनर हा पर्याय आहे. चीनमधील शेन्झेन येथील ऑटेल, लाँच, फॉक्सवेल आदी कंपन्यांचे प्राथमिक स्कॅनर साधारणपणे दोन ते पाच हजार रुपयांच्या दरम्यान मिळतात. ते दिसायला जुनाट असतात, पण जोडले की लगेच चालू होतात, फोन बदलला म्हणून निकामी होत नाहीत, आणि घरातील ज्येष्ठ व्यक्तीलाही वापरता येतात. घरात दोन-तीन गाड्या असतील, किंवा गावातील छोट्या गॅरेजला एखादे उपकरण हवे असेल, तर हाच पर्याय अधिक टिकाऊ ठरतो. ज्यांना इंजिनाची चालू आकडेवारी बारकाईने पाहायची आहे, त्यांनी मात्र ओबीडीलिंक, व्हीगेट यांसारख्या नावाजलेल्या कंपन्यांचे चांगले डोंगल आणि मोबाइलचा मोठा पडदा यांना प्राधान्य द्यावे. स्वस्त नकला एका वेळी चार-पाच आकडे मागितले की मंदावतात.

कोड म्हणजे लक्षण

कोडची रचना समजण्यास सोपी आहे. पहिले अक्षर विभाग सांगते. 'पी' म्हणजे इंजिन व गिअर, 'सी' म्हणजे ब्रेक व चासीचा भाग, 'बी' म्हणजे एअरबॅगसह गाडीचा सांगाडा आणि 'यू' म्हणजे संगणकांचे परस्परांतील दळणवळण. त्यानंतरचा अंक शून्य असल्यास कोड सर्व कंपन्यांना समान असतो. तो एक असल्यास कोड कंपनीचा स्वतःचा असतो आणि त्याचा अर्थ प्रत्येक कंपनीगणिक बदलतो. कंपनीच्या खास कोडचा अर्थ दुसऱ्याच कंपनीच्या यादीत शोधल्यामुळे होणारे गैरसमज थोडेथोडके नाहीत.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, कोड बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही. संगणकाला जे लक्षण दिसले ते तो सांगतो. 'पी ०३०१' या कोडचा अर्थ पहिल्या सिलिंडरमध्ये इंधनाचे ज्वलन नीट होत नाही, एवढाच आहे. दोष स्पार्क प्लगचा असेल, इग्निशन कॉइलचा असेल, इंजेक्टरचा असेल किंवा सिलिंडरमधील दाबाचाही असेल. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत येथे एकही रुपया खर्च न करता एक परीक्षा करता येते. इंजिन बंद करून, ते थंड झाल्यावर, पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. आता 'पी ०३०२' आला तर दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे सरकला, म्हणजे कॉइलच सदोष आहे. पुन्हा 'पी ०३०१'च आला तर कॉइल निर्दोष आहे आणि शोध इतरत्र घ्यावयास हवा.

'पी ०४२०' हा कोड तर खिशाला धडकी भरवणारा आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे तो सांगतो. या भागात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असल्याने तो महाग असतो. परंतु संगणक कन्व्हर्टरची थेट पाहणी करीत नाही. त्याच्या मागील ऑक्सिजन सेन्सरच्या संकेतांवरून तो निष्कर्ष काढतो. एक्झॉस्ट पाइपला गळती असेल किंवा सेन्सरच जुना झाला असेल, तरीही हाच कोड येऊ शकतो. केवळ या कोडच्या आधारे कन्व्हर्टर बदलण्याचा सल्ला मिळाल्यास, गळती आणि सेन्सर तपासले काय, हा प्रश्न विचारणे वाहनधारकाच्या हिताचे आहे.

चालू आकडेवारी दाखवणाऱ्या उपकरणाचा खरा उपयोग 'पी ०१७१' या कोडच्या वेळी लक्षात येतो. इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडत आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी संगणक इंधनाचे प्रमाण स्वतःहून वाढवत असतो आणि ही वाढ 'फ्युएल ट्रिम' या नावाने टक्क्यांत दिसते. गाडी उभी असताना हा आकडा मोठा असेल आणि फेरे अडीच हजारांवर नेल्यावर तो उतरत असेल, तर हवेच्या नळीला कोठेतरी गळती असण्याचा संभव अधिक. उलट, चढावर किंवा वेगात आकडा वाढत जात असेल, तर इंधन पंप अथवा फिल्टरवर संशय घ्यावा. पहिल्या शक्यतेत काही रुपयांची रबरी नळी, दुसरीत काही हजारांचा पंप, आणि कोड मात्र दोन्हीकडे एकच. देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत नेण्यात आल्यानंतर हे आकडे पाहताना थोडे तारतम्य ठेवावे लागते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने १० टक्के मिश्रणाच्या तुलनेत इंजिनाला सुमारे चार टक्के अधिक इंधन लागते. ट्रिम तेवढ्याने सरकला असेल, तर तो बिघाड समजू नये.

कोड पुसण्याची घाई

प्रत्येक उपकरणात कोड पुसण्याचे बटण असते आणि नवशिक्या माणसाचे बोट प्रथम तेथेच जाते. ही घाई महागात पडते. कोड नोंदला गेला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान आणि भार किती होता, याची नोंद संगणक 'फ्रीझ फ्रेम' या नावाने जपून ठेवतो. सकाळी थंड इंजिनावर येणारा दोष आणि महामार्गावर तापल्यावर येणारा दोष यांतील फरक याच नोंदीवरून कळतो. कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते आणि मेकॅनिकच्या हाती काहीच उरत नाही. तेव्हा प्रथम पडद्याचे छायाचित्र काढून ठेवावे. गाडी वॉरंटीत असल्यास तर पुसण्याच्या भानगडीत पडूच नये. दोष खरोखर दूर झाला असेल, तर काही निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो.

पुसण्याचा आणखी एक परिणाम होतो आणि जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी त्याचा लाभ अवश्य घ्यावा. कोड पुसताच, अथवा अनेक गाड्यांत बॅटरीची वायर काढताच, संगणकाच्या अंतर्गत चाचण्या 'अपूर्ण' अवस्थेत जातात. त्या पूर्ण होण्यासाठी शहरातील आणि महामार्गावरील मिळून काही दिवसांचा प्रवास लागतो. विक्रेत्याने दिवा विझवण्यासाठी आदल्या रात्री कोड पुसला असेल, तर डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो, पण उपकरणावर 'रेडिनेस' या सदरात कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर आदी चाचण्या अपूर्ण दिसतात. अनेक गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर प्रवास झाला, हेही वाचता येते. लाखो रुपयांच्या व्यवहारापूर्वी ही पाच मिनिटांची तपासणी पुरेशी बोलकी ठरते. पियूसी प्रमाणपत्रावरून हे कळत नाही. ती चाचणी धुराची असते, संगणकाच्या नोंदींची नाही.

स्वस्त उपकरण जेथे थांबते

एबीएसचा किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर प्राथमिक उपकरण बहुधा 'कोणताही दोष नाही' असे सांगेल. याचा अर्थ गाडी निर्दोष आहे असा होत नाही. कायद्याने खुली केलेली माहिती प्रदूषणाशी संबंधित भागांपुरती आहे. उर्वरित संगणकांशी बोलण्यासाठी कंपनीनिहाय सॉफ्टवेअर असलेले, म्हणजेच अधिक महाग यंत्र लागते. भारत स्टेज-६ डिझेल गाड्यांच्या मालकांना ही मर्यादा विशेष जाणवते. या गाड्यांच्या पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये काजळी साचल्याचा 'पी २४६३' हा कोड साधे उपकरण वाचू शकते. शहरातील कमी अंतराच्या प्रवासात फिल्टर पुरेसा तापत नाही आणि काजळी जळत नाही, हे त्याचे नेहमीचे कारण. वेळीच महामार्गावर सलग काही काळ गाडी चालवल्यास फिल्टर पुष्कळदा मोकळा होतो. ती वेळ टळल्यास यंत्राद्वारे संगणकाला आज्ञा देऊन काजळी जाळावी लागते आणि अशी आज्ञा देणे पाचशे रुपयांच्या डोंगलच्या आवाक्याबाहेरचे असते.

ही दरी केवळ तांत्रिक नाही. वाहन कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे आपल्या अधिकृत केंद्रांबाहेर मिळू देत नाहीत, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ वाहन कंपन्यांविरुद्ध आदेश देऊन मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. स्वतंत्र गॅरेजनाही ही साधने उपलब्ध करून द्यावीत, असेही आयोगाने बजावले. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले आणि प्रकरण अपिलांत गेले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावरील संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटार क्षेत्राचाही समावेश आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या आणि अधिकृत केंद्रापासून शंभर किलोमीटर दूर असलेल्या वाहनधारकासाठी हा वाद कागदावरचा नाही.

उपकरण हाती असले तरी काही प्रसंगी ते जोडण्यासाठी थांबू नये. पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी बेताने चालवून तपासणीस नेता येते. तो उघडझाप करीत असेल, तर जळले न गेलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो निकामी होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी वेग कमी करून शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी. तेलाच्या दाबाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावे.

काम झाल्यावर डोंगल काढून ठेवावे. इंजिन बंद असतानाही त्याला बॅटरीतून प्रवाह मिळत राहतो आणि अनेक दिवस उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी त्यामुळे उतरू शकते. दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. स्वस्त ब्लूटूथ डोंगलचा परवलीचा अंक बहुधा '१२३४' असाच असतो. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी, याच जोडस्थानात बसवलेल्या आणि मोबाइल नेटवर्कशी जोडलेल्या एका उपकरणामार्फत, संदेश पाठवून एका कॉर्व्हेट गाडीच्या ब्रेकवर ताबा मिळवता येतो, हे दाखवून दिले होते.

दुचाकींनाही भारत स्टेज-६ मानकांबरोबर २०२० पासून ही प्रणाली लागू झाली आहे. त्यांचे जोडस्थान मात्र मोटारीसारखे १६ पिनांचे नसून बहुधा सहा पिनांचे आणि आसनाखाली असते. त्यासाठी वेगळी जोडवायर घ्यावी लागते आणि ती घेण्यापूर्वी आपल्या दुचाकीच्या जोडस्थानाचे छायाचित्र विक्रेत्याला दाखवावे, कारण पिनांची संख्या सारखी असूनही न बसणाऱ्या वायर बाजारात आहेत.